नांगरावरचा शेजार: बोटीवर गाणी लावण्याआधी

गेटवेसमोर, मांडव्याला किंवा मांडवी नदीत नांगर टाकून गाणी लावली की ती दोन प्रकारचे लोक ऐकतात. एक तुमच्या बोटीवर बसलेले, दुसरे न बोलावलेले. पहिल्यांची आवड तुम्हाला ठाऊक असते. हा लेख दुसऱ्यांसाठी आहे. नुकतंच शीड हाताळायला शिकलेले, मित्रांबरोबर छोटी बोट घेतलेले, किंवा वाढदिवसासाठी चार तास यॉट भाड्याने घेणारे, अशा नवख्या मंडळींसाठी क्रमाने लिहितो आहे. गाणी लावूच नका, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी पाण्यावर बसून गाणी ऐकण्यासारखं सुख कमी आहे. पण आवाज किती ठेवायचा हे तुमच्या बोटीवर बसून ठरवता येत नाही. ते शेजाऱ्याच्या बोटीवरूनच कळतं. पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

आधी थोडं विज्ञान, नाहीतर बाकीचं पटणार नाही

जमिनीवर गवत, माती, झाडं आणि भिंती आवाज थोडा थोडा खाऊन टाकतात. पाणी खात नाही. हवेतून पाण्यावर आपटलेल्या आवाजाच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा हिस्सा पाण्यात शिरतो, बाकीचा उसळून पुढे निघतो. संथ पाणी असेल तर तो फारच लांब जातो.

रात्री यात आणखी एक भर पडते. आपला बोटिंगचा हंगाम हिवाळ्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री खालची हवा आधी थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. याच थरामुळे मुंबईवर सकाळी धुरकं साचून राहतं. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. वर चढलेला आवाज या उबदार थरात वेग घेतो आणि पुन्हा खाली वाकतो. दुपारी आकाशात विरून गेला असता तो आवाज रात्री खाली, शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीत उतरतो. दुपारी चार वाजता लावलेला आवाज रात्री दहाला तसाच ठेवला तरी पलीकडे तो वाढलेलाच असतो, तुम्ही बटणाला हात लावलेला नसला तरी.

आता आकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पार्टीचा मोठा ब्लूटूथ स्पीकर एका मीटरवर सहज १०० डेसिबल देतो. तोच दहा मीटरवर ८०, शंभर मीटरवर ६० आणि एक किलोमीटरवर ४०. शेजारी बसून कोणी नेहमीच्या आवाजात बोललं तर ते साधारण ६० असतं. म्हणजे शंभर मीटरवरच्या बोटीतल्या माणसाच्या उशाशी तुम्ही रात्रभर बोलत बसलेले असता. आणि हा हिशोब मोकळ्या हवेचा आहे. संथ पाणी आणि थंड रात्र असेल तर आवाज यापेक्षा कमी उतरतो.

पहिली पायरी: नांगर टाकण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते पाहा

आवाजाची निम्म्याहून अधिक भांडणं जागा निवडतानाच मिटतात. गाणी लावायची आहेत हे आधीच ठरलं असेल तर गर्दीच्या मध्ये नांगर टाकू नका. कडेला जा, आणि तीही वाऱ्याच्या दिशेने सगळ्यांच्या मागची कड. याचं कारण दुसऱ्या पायरीत आहे.

नवखे लोक शेजारी म्हणून फक्त यॉट मोजतात. मुंबई बंदरात आणि रायगडच्या किनाऱ्यावर तुमचा खरा शेजारी बहुधा मासेमारीची बोट असते. ससून डॉक, भाऊचा धक्का, मोरा, करंजा, रेवस, जिथे जाल तिथे. डोल जाळ्याची, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. घड्याळावर नाही. खलाशी रात्री दोनला जाळं ओढतात आणि दुपारी दोनला डेकवर ताडपत्रीखाली झोपतात. दुपार आहे, सगळे जागेच असणार, हा यॉटवाल्यांचा समज इथे उलटा पडतो. नांगरलेल्या मचव्यावर (मासेमारीच्या बोटीवर) कोणी हालचाल करत नसेल तर तो रिकामा आहे असं धरू नका. बहुतेक वेळा तिथे पाच-सहा माणसं गाढ झोपलेली असतात आणि संध्याकाळी त्यांना पुन्हा निघायचं असतं.

दुसरा शेजारी किनारा. घारापुरीला दिवसा लेणी पाहायला येणाऱ्यांची गजबज असते म्हणून ते बेट म्हणजे नुसतं पर्यटनस्थळ वाटतं. पण राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तिथे तीन गावं आहेत. समुद्राखालून केबल टाकून तिथे कायमची वीज पोचली ती २०१८ साली. शेवटची लाँच गेल्यावर तिथे जी शांतता होते ती त्या गावांची असते. मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यातही घरं किनाऱ्याला लागून आहेत. गोव्यात पणजीसमोर मांडवीत कॅसिनोची जहाजं आणि सांता मोनिका धक्क्यावरून सुटणाऱ्या क्रूझ बोटी यांचा आवाज आधीच इतका असतो की आपला कोणाला कळणार, असं वाटतं. कळतो. बेतीच्या आणि रायबंदरच्या घरांना तो वेगळा ऐकू येतो, कारण दोन वेगवेगळी गाणी एकत्र ऐकण्याचा छळ एका गाण्याच्या छळापेक्षा मोठा असतो.

अर्थात मनाला येईल तिथे नांगर टाकता येत नाहीच. बंदरातला जहाजांचा मार्ग, नौदलाची हद्द आणि जवाहर द्वीपाचं तेलाचं टर्मिनल यांच्यापासून लांब राहायचं. तांडेलाला (बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाला) किंवा क्लबमधल्या जाणत्याला विचारल्याशिवाय नव्या जागी जाऊ नका.

दुसरी पायरी: वारा आणि भरती

नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. माणसं बसतात मागे, कॉकपिटमध्ये. स्पीकरही तिथेच. म्हणजे वारा तुमचा आवाज उचलतो आणि मागच्या बोटीकडे घेऊन जातो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वाकतो, वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा वर उचलला जातो. त्यामुळे तुमच्या पुढे नांगरलेल्या बोटीला काही ऐकू येत नाही आणि तेवढ्याच अंतरावर मागे असलेल्याला शब्द न् शब्द ऐकू येतो. पुढचा हात हलवून हसला म्हणजे सगळ्यांना चालतंय असं समजू नका. मागच्याला विचारा.

म्हणूनच वर म्हटलं, सगळ्यांच्या मागे नांगर टाका. तुमच्या मागे मोकळं पाणी असेल तर वारा तुमच्या बाजूने काम करतो.

पण एवढ्यावर मुंबईत भागत नाही. इथे उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि प्रवाह जोरदार असतो. वारा मंद असेल तर बोट वाऱ्याला जुमानत नाही, प्रवाहाकडे तोंड करते. साधारण सव्वासहा तासांनी पाणी उलटतं, आणि सगळ्या बोटी फिरून उलट्या दिशेला तोंड करतात. संध्याकाळी सातला तुमच्या मागे कोणी नव्हतं, रात्री साडेनऊला तिथे एक कुटुंब दोन लहान मुलांसह झोपलेलं असू शकतं, आणि त्यांनी जागा बदललेली नसते. त्यामुळे बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठे आहे त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधू नका. झेंडा किंवा रुमाल पाहा. शिवाय दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा रात्री बदलतो आणि जमिनीवरून मतलई सुटतो. संध्याकाळी तुमचा आवाज गावाकडे जात असेल तर उत्तररात्री तो समुद्राकडच्या बोटींवर जाईल.

अंतराचा हिशोबही पाणी उलटताना चुकतो. ओहोटीला ३ मीटर पाणी आहे, भरतीला ८ होणार, नाळेची उंची १ मीटर धरली तर ९ मीटर. पाचपट साखळी सोडायची म्हणजे ४५ मीटर. दहा मीटरच्या बोटीची शेपटी नांगराभोवती पन्नासएक मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढते. तुमचंही तेवढं, शेजाऱ्याचंही तेवढं. एकाने साखळी आणि दुसऱ्याने दोर सोडला असेल तर दोघं एकाच वेळी फिरत नाहीत, आणि मघाशी ऐंशी मीटरवर असलेली बोट तीस मीटरवर येते. भरतीचं वेळापत्रक पाहताना पाणी कधी उलटणार ती वेळ लिहून ठेवा आणि त्या वेळी डेकवर उभं राहून नवा शेजार पाहा. नांगर घसरलाय का हेही त्याच फेरीत पाहून होतं.

तिसरी पायरी: स्पीकर कुठे ठेवायचा

स्पीकर उंचावर नको. कॅनॉपीच्या छतावर, डोलकाठीला किंवा मागच्या कमानीला बांधलेला स्पीकर चहूकडे प्रक्षेपण करतो. तो खाली, कॉकपिटच्या तळाशी, तोंड पुढे केबिनकडे करून ठेवा. बसणाऱ्यांना तेवढंच ऐकू येतं, मागे जाणारं बरंच कमी होतं. एका मोठ्या स्पीकरपेक्षा दोन लहान, माणसांच्या जवळ ठेवलेले चांगले. जवळ असल्यामुळे कमी आवाजातही भागतं.

मग बेस. याच्यावर थोडं थांबतो, कारण तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. वरच्या पट्टीचे सूर हवेत विरतात, दरवाजा लावला की अडतात. बेस अडत नाही. तो स्पीकरच्या मागेही तितकाच जातो, फायबरच्या पातळ भिंतीतून आरपार निघतो, आणि शेजारच्या केबिनमध्ये झोपलेल्याला गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड ऐकू येते. गाणं ऐकू आलं असतं तर एखादवेळी आवडलंही असतं. स्पीकरच्या अॅपमध्ये बेस खाली आणायची सोय असते. अंधार पडला की तो अर्ध्यावर आणा. तुमच्या बोटीवर फारसा फरक जाणवणार नाही. स्पीकर थेट डेकवर ठेवू नका, खाली जाड टॉवेलाची घडी किंवा गादी घाला, नाहीतर पूर्ण बोट ढोलकीसारखी वाजते.

बॅटरीचाही विचार इथेच करून टाका. अँप्लिफायर सरासरी ६० वॅट घेत असेल तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर, सहा तासांत ३० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासाच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच वापरायची असते. फ्रीज, दिवे, पंप आहेतच. मग रात्री एकला बॅटरी उतरते आणि ती भरायला इंजिन चालू करावं लागतं. तो आवाज आणि डिझेलचा धूर गाण्यांपेक्षा वाईट.

चौथी पायरी: डिंगीत बसा आणि लांब जाऊन ऐका

ही पायरी कोणी करत नाही आणि हीच सगळ्यात उपयोगी आहे. गाणी हव्या त्या आवाजात लावा, एका मित्राला बटणापाशी बसवा आणि छोट्या होडीतून, वल्ही मारत, वाऱ्याच्या दिशेने मागच्या बोटीजवळ जा. तिथे वल्ही थांबवा. गाण्याचे शब्द कळत असतील तर आवाज जास्त आहे. शब्द कळत नाहीत पण ठेका कळतो, तर बेस जास्त आहे. काहीतरी वाजतंय एवढंच कळत असेल तर संध्याकाळपुरतं ठीक. मित्राला हाताने खूण करून आवाज खाली आणायला लावा, पटलं की त्या जागी बटणाला चिकटपट्टीची खूण करा. पुढच्या तासात कोणीतरी ते वाढवणारच, तेव्हा खूण उपयोगी पडते.

फोनमधलं डेसिबलचं अॅप अगदी अचूक नसतं, पण अंदाजाला पुरतं. स्पीकरपासून एका मीटरवर ते ८५ दाखवत असेल तर शंभर मीटरवर ४५ उरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत लागेल. डिंगी नसेल, किंवा अंधारात एकट्याने जाणं बरोबर वाटत नसेल, तर निदान बोटीच्या अगदी नाळेवर आणि अगदी मागच्या टोकाला जाऊन ऐका. बोटीतच मोठ्याने बोलावं लागत असेल तर पुढची चाचणी करायची गरजच नाही.

पाचवी पायरी: घड्याळ

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागी लाउडस्पीकर आणि आवाज वाढवणारी साधनं चालत नाहीत. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमचा वाढदिवस त्यात बसत नाही. समुद्रावर कोण मोजायला येतंय, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. मोजायला कोणी आलं नाही तरी ऐकणारा किनाऱ्यावरच्या घरात राहतो आणि त्याच्या घराला ४५ ची मर्यादा आहे. उघडं डेक म्हणजे बंद खोली नव्हे, असंच धरून चाला.

माझ्या मते दहा ही शेवटची वेळ आहे, सभ्य वेळ त्याच्या आधीची. अंधार पडला की एक पायरी खाली, साडेआठ-नऊला आणखी खाली, दहाला बंद किंवा केबिनमध्ये दार लावून. सकाळचं लोक विसरतात. रविवारी सात वाजता लावलेली भक्तिगीतंसुद्धा शेजाऱ्याला गोंगाटच असतात. भावगीत, अभंग, रॅप, काहीही असो, आपली गाणी चांगली आहेत म्हणून ती दुसऱ्याने ऐकलीच पाहिजेत असं नाही.

नारळी पौर्णिमेचा हिशोब वेगळा. त्या दिवशी कोळीवाड्यातून मिरवणुका निघतात, बँजो वाजतो, होड्या सजतात. तो त्या पाण्यावर पोट असलेल्यांचा सण आहे आणि पाहुणे आपण असतो. एकतीस डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला मुंबई बंदरातली जहाजं भोंगे वाजवतात, त्यावर कोणी कधी तक्रार करत असेल असं वाटत नाही. काही मिनिटांत संपतं म्हणून ते चालतं.

सहावी पायरी: आधी सांगून ठेवा

शेजारी बोट असेल तर नांगर नीट बसल्यावर, गाणी सुरू करायच्या आधी, जाऊन बोला. मागून जा, डिंगीचं इंजिन लांबच बंद करा, लाटा उठवू नका. बोटीला हात लावण्याआधी आवाज द्या. एवढंच पुरतं:

“नमस्कार, आम्ही पलीकडच्या पांढऱ्या बोटीवर आहोत. संध्याकाळी थोडी गाणी लावणार आहोत, नऊपर्यंत. त्रास झाला तर बिनधास्त सांगा, हा माझा नंबर.”

शेजारी मचवा असेल तर आधी तांडेल किंवा नाखवा (बोटीचा मालक) कोण ते पाहा आणि त्यालाच विचारा: “नाखवा, तुमची माणसं आता झोपणार का? आम्ही गाणी लावणार होतो, त्रास होईल का?” तो “लावा की” म्हणाला तरी आवाज खालीच ठेवा, कारण पाहुण्याला नाही म्हणायची सवय किनाऱ्यावरच्या माणसाला नसते. वेळ सांगितली असेल तर ती पाळा. नऊ म्हणजे नऊ. एवढ्या एका गोष्टीने पुढच्या वेळी तुम्हाला त्या जागी नांगर टाकताना कोणी कपाळाला आठ्या घालणार नाही.

सातवी पायरी: कान मोकळे ठेवा

समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने सदैव डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायचा. नांगरावर असतानाही. जवळ येणाऱ्या बोटीचा भोंगा, नांगर घसरताना साखळीतून येणारी घरघर, कोणी पाण्यात पडल्याचा आवाज, व्हीएचएफच्या (बोटीवरच्या रेडिओच्या) १६ नंबर चॅनेलवरची हाक, या चारही गोष्टी मोठ्या गाण्यात बुडतात. पाच आखूड भोंगे म्हणजे समोरच्याला तुमचा हेतू कळत नाही, त्याला शंका आहे. नांगरलेल्या बोटीवर ते ऐकू आले तर कदाचित तो तुमच्याचकडे येतो आहे. धुकं असेल तर नांगरावरच्या नौकेने दर मिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवायची असते. बारा मीटरहून लहान नौकेला घंटेची सक्ती नाही, पण दोन मिनिटांच्या आत काहीतरी आवाज करावाच लागतो. दुसऱ्याची अशी खूण ऐकू यायची तर गाणी बंदच हवीत. नांगरावरचा पांढरा दिवा लावलाय ना, तेही याच वेळी पाहून घ्या. पार्टीचे रंगीत दिवे त्याची जागा घेत नाहीत, उलट तो दिसेनासा करतात.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: ज्या फोनवर नांगर घसरल्याचा अलार्म आहे त्याच फोनवरून गाणी लावू नका. कोणीतरी तो फोन स्पीकरला जोडून ठेवतो, बॅटरी संपते किंवा स्पीकर बंद असतो, आणि अलार्म वाजतो तो कोणाला ऐकू येत नाही. अलार्मचा फोन वेगळा, चार्जिंगला लावलेला, झोपणाऱ्याच्या उशाशी.

कोणी सांगायला आलं तर

आवाज कमी करा. आधी कमी करा, मग बोला. “फक्त हे गाणं संपू द्या” हे वाक्य टाळा. समोरचा माणूस अंधारात होडी काढून आला आहे, म्हणजे त्याने बराच वेळ सहन केलंय. त्याला विचारा, आता ठीक आहे का, तुमच्या बोटीवर पोचल्यावर दिवा हलवून सांगाल का? एकदा कमी केलेला आवाज हळूहळू वर चढतो, म्हणून पाहुण्यांपैकी ज्याने कमी प्यायली आहे अशा एकाला बटणाची जबाबदारी द्या.

भाड्याच्या बोटीवर ही जबाबदारी कोणाची, हा घोळ असतो. पैसे तुम्ही दिलेले, बोट मालकाची, आणि डेकवर उभा असलेला तांडेल या दोघांमध्ये सापडलेला. तो गिऱ्हाइकाला “बंद करा” म्हणायला कचरतो, पण शेजारच्या बोटीवरच्या शिव्या त्यालाच खाव्या लागतात, आणि उद्या पुन्हा त्याच पाण्यात त्यालाच यायचं असतं. म्हणून त्याला “एवढा आवाज चालेल ना?” असं विचारू नका, उत्तर हो असंच येणार. “काका, इथे किती आवाजात लावतात? कुठे थांबलो तर कोणाला त्रास नाही?” असं विचारा. तो तुम्हाला नेमकी जागा दाखवेल. बुकिंग करतानाच थांबायची जागा, स्पीकरची परवानगी आणि परतीची वेळ विचारून घ्या. स्वतःचा डीजे आणायचा हट्ट असेल तर हॉल घेतलेला बरा.

बाकीचे आवाज, थोडक्यात

गाणी बंद झाली म्हणजे संपलं असं नाही. डोलकाठीवर आपटणारा दोर रात्रभर टणटण करतो. तो डोलकाठीपासून दूर ओढून रबरी पट्टीने बांधा. जनरेटर दहानंतर नको. रात्री उशिरा येऊन नांगर टाकावाच लागला तर साखळी धडाधड सोडू नका. डिंगी हळू न्या. आणि स्पीकर बंद केल्यावर डेकवरच्या गप्पा पाण्यावरून सरळ शेजाऱ्याकडे जातात, तोही शब्दांसकट. कोणाबद्दल काय बोलता ते जरा सांभाळून.

त्रास तुम्हाला होत असेल तर

लवकर जा. रात्री एक वाजता संतापून ओरडण्यापेक्षा आठ वाजता हसत गेलेलं बरं, तोवर समोरचे शुद्धीवरही असतात. मागणी नेमकी ठेवा. “किती गोंगाट करता” याला उत्तर नसतं. “बेस जरा खाली आणाल का, मुलं झोपली आहेत” याला असतं. शक्यतो दोघं जा, आणि त्यांची पार्टी फारच रंगली असेल तर बोटीवर चढू नका, डिंगीतूनच बोला. १६ नंबर चॅनेलवर तक्रार करू नका, तो संकटातल्यांसाठी आणि हाक मारण्यासाठी मोकळा ठेवायचा असतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही समुद्रात जीव धोक्यात असेल तेव्हाचा. आवाजासाठी ११२ किंवा सागरी पोलिसांचा १०९३. कुठे आहात ते सांगताना जीपीएसचे अंक, जवळचा धक्का आणि त्या बोटीचं नाव किंवा नोंदणी क्रमांक द्या. “गेटवेसमोर एक पांढरी बोट” एवढ्यावर कोणालाही शोधता येणार नाही.

नाहीच ऐकलं तर नांगर उचलून वारा जिकडून येतो त्या बाजूला, त्यांच्या पुढे जा. मागे जाऊ नका, दोनशे मीटर मागे जाऊनही आवाज पाठ सोडणार नाही, पुढे शंभर मीटरही पुष्कळ होतात. मात्र हे उजेडात करा. अंधार पडला असेल, जागा अनोळखी असेल आणि पाणी उतरत असेल, तर खिडक्या लावून, कानात कापूस घालून तिथेच झोपा. रात्रीत पाणी उलटलं की बोट फिरेल आणि कदाचित आवाज दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला जाईल.